उभ्या विमानातील गारवा आणि कोकणची दमट हवा

प्रवासी विमान आकाशात असताना त्याची इंजिने चालू असतात आणि आतल्या दिव्यांपासून हवेच्या गारव्यापर्यंत सारे काही त्यांच्याच जोरावर चालते. परंतु तेच विमान विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या प्रांगणावर, येऊन थांबते आणि इंजिने बंद होतात, तेव्हा हा सारा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न निर्माण होतो. प्रवासी उतरत असतात, सफाई कर्मचारी आत शिरलेले असतात, पुढच्या फेरीचे प्रवासी चढू लागलेले असतात, दारे उघडीच असतात, आणि वरून ऊन व खालून तापलेल्या काँक्रीटची धग यांचा मारा त्या बंदिस्त धातूच्या नळकांड्यावर अखंड चालू असतो. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे १८० आसनांचे विमान भरले की नुसत्या माणसांच्या अंगची उष्णताच १८ किलोवॅट होते, आणि तिच्यात वैमानिककक्षातील व त्याच्या खालच्या कप्प्यातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांची भर पडते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मोपा, मुंबई या किनारपट्टीच्या पट्ट्यात हा प्रश्न देशाच्या इतर भागांपेक्षा अधिक अवघड आहे. त्याचे कारण तापमानात कमी आणि हवेतल्या बाष्पात जास्त आहे.

बहुतेक जेट विमानांमध्ये याची तजवीज विमानातच केलेली असते. शेपटीच्या टोकाशी एक छोटे गॅस टर्बाइन बसवलेले असते. ते सहाय्यक शक्तिसंच म्हणून काम करते आणि विमानतळावरच्या रोजच्या बोलण्यात त्याला एपीयू म्हणतात. ते विमानाच्या टाकीतलेच इंधन जाळते, वीज निर्माण करते आणि त्याच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली दाबाखालची तप्त हवा विमानाच्या पोटातील ‘पॅक’ नावाच्या यंत्राकडे पाठवते. पॅकमध्ये ही हवा आधी बाहेरच्या हवेच्या साहाय्याने निववली जाते, मग आणखी दाबली जाते, पुन्हा निववली जाते आणि अखेरीस एका लहानशा टर्बाइनमधून प्रसरण पावू दिली जाते. प्रसरण पावताना ती टर्बाइन फिरवण्याचे काम करते, त्या कामासाठी लागणारी ऊर्जा तिच्याच उष्णतेतून जाते आणि ती एकदम थंड होते. घरच्या एसीतील शीतक वायू येथे लागत नाही, हवाच शीतकाचे काम करते. आकाशात ही रचना अतिशय सोयीची ठरते, कारण ती हलकी असते आणि विमानातील हवेचा दाब राखण्याचे कामही तीच करते. जमिनीवर मात्र तिचा खर्च डोळे उघडणारा आहे.

एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या, मधोमध एकच मार्गिका असलेल्या विमानाचा एपीयू तासाला साधारण १०० ते १३० किलो इंधन जाळतो. एक किलो विमान-इंधन जळताना त्यातील कार्बनशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होऊन ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे १२० किलो इंधनामागे तो सुमारे ३८० किलो होतो. त्या १२० किलो इंधनात साठलेली ऊर्जा विजेच्या भाषेत १,४०० युनिटच्या घरात जाते. याउलट तेवढाच वेळ तेवढाच गारवा आणि तेवढीच वीज जमिनीवरच्या विद्युत यंत्रांकडून घेतली, तर ढोबळमानाने १०० युनिटमध्ये भागते. भारतातील वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशापासून तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ही गोष्ट जमेस धरली तरी उत्सर्जन ३८० किलोंवरून ७० किलोंच्या आसपास येते. स्वच्छ वीज मिळेपर्यंत थांबावे, हा युक्तिवाद या हिशेबापुढे टिकत नाही.

जमिनीवरून होणाऱ्या या पुरवठ्याचे दोन भाग आहेत. पहिला विजेचा. घरोघरी येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारी असते, तर जेट विमानांतील यंत्रणा ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झवर चालते. वारंवारिता जितकी जास्त तितका ट्रान्सफॉर्मरचा आणि जनित्राचा लोखंडी गाभा लहान व हलका करता येतो, आणि विमानात तर एकेका किलोचा हिशेब असतो. त्यामुळे विमानतळावर वारंवारिता बदलणारा कन्व्हर्टर बसवावा लागतो. एकमार्गी विमानाला साधारण ९० केव्हीए क्षमतेचा एक पुरवठा पुरतो, मोठ्या विमानांना एकाहून अधिक केबल जोडाव्या लागतात. केबल विमानाच्या नाकाखालच्या खोबणीत बसली आणि वीज योग्य असल्याची खात्री झाली की वैमानिकाच्या डोक्यावरील पॅनेलवर दिवा लागतो आणि एका बटणाने सारा भार जमिनीवरच्या पुरवठ्यावर जातो.

दुसरा भाग हवेचा. एरोब्रिजच्या, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दाराशी नेणाऱ्या चालत्या पुलाच्या, पोटाखाली एक लांबट पेटी टांगलेली असते. तिला पीसीए म्हणतात. ती बाहेरची हवा ओढून घेते, गाळते, थंड करते आणि जोरदार पंख्याने विमानात ढकलते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या, २०१४ साली सुरू झालेल्या टर्मिनल २ वर एरोब्रिजला जोडलेली अशी यंत्रे वापरात आहेत, आणि २०२२ पासून या विमानतळाने आपली विजेची संपूर्ण गरज जलविद्युत, सौर व पवनऊर्जा यांतून भागवण्याचे धोरण स्वीकारल्यामुळे तेथे वरचा हिशेब आणखीच अनुकूल होतो. काही विमानतळांवर प्रत्येक पुलाखाली वेगळे यंत्र ठेवण्याऐवजी एका मध्यवर्ती केंद्रात पाणी थंड करून नळांनी सगळीकडे फिरवतात; तेथे विजेची मागणी कमी असलेल्या रात्रीच्या वेळी थंडावा साठवून ठेवता येतो.

पेटी आणि विमान यांच्यामधला दुवा म्हणजे एक जाड पाइप, आणि सगळ्या व्यवस्थेचे यशापयश बहुधा त्याच्यावरच ठरते. तो बहुतेक ठिकाणी पिवळ्या रंगाचा असतो, कापडाच्या दोन आवरणांमध्ये उष्णतारोधक थर असतो, आणि त्याच्या टोकाशी असलेली कडी विमानाच्या पोटाखालच्या, साधारण २० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर चढवून अडकवावी लागते. पंखा बंद असताना तो चपटा पडून राहतो, हवा सुरू झाली की फुगून ताठ होतो. एवढ्याशा तोंडातून सगळ्या विमानाला पुरेल इतका गारवा न्यायचा असल्यामुळे हवा नुसती थंड असून भागत नाही, ती जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत थंड करून पाठवावी लागते. मग पाइपाला एक पीळ पडला, वळणावर तो चेपला गेला, जादा लांबीचे वेटोळे उन्हाने भाजलेल्या काँक्रीटवर तसेच पडून राहिले, किंवा ओढताना फाटलेल्या आवरणातून पावसाचे पाणी आतल्या थरात मुरले, की पेटीतून निघालेला गारवा वाटेतच गळतो. विमानात उकडू लागते, वैमानिक नाइलाजाने एपीयू सुरू करतो, आणि लाखो रुपयांची यंत्रणा जागच्या जागी निरुपयोगी होते. जमिनीवरची हवा चालू असताना विमानातील पॅक बंद ठेवावे लागतात, कारण दोन्ही प्रवाह एकाच नळमार्गात येऊन एकमेकांना अडवतात. ही साधी शिस्त मोडली तरी परिणाम तोच होतो. एप्रनवर काम करणाऱ्या, पाइप जोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण आणि त्याला मिळणारी दोन-चार मिनिटे यांना या व्यवस्थेत यंत्राइतकेच महत्त्व आहे. निविदा काढताना मात्र यंत्राचीच चर्चा होते.

कोकणच्या हवेचे वेगळेपण समजण्यासाठी थोडे गणित करणे अपरिहार्य आहे. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता, ही रत्नागिरीच्या मे-जूनमधील दिवसाची ओळखीची स्थिती आहे. अशा एक किलो हवेत सुमारे २२ ते २३ ग्रॅम बाष्प असते. ही हवा १३ अंशांपर्यंत थंड केली की तिच्यात नऊ-साडेनऊ ग्रॅमच बाष्प मावते, म्हणजे १३ ग्रॅमहून अधिक पाणी बाहेर पडलेच पाहिजे. बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता सुटते तिला सुप्त उष्णता म्हणतात. ती तापमापकावर दिसत नाही, पण शीतयंत्राला ती काढून टाकावीच लागते. या उदाहरणात तापमान उतरवण्यासाठी दर किलो हवेमागे १९-२० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर पाणी वेगळे करण्यासाठी ३३ किलोज्यूल. एकूण भार ५३ किलोज्यूलच्या आसपास जातो आणि त्याचा दोन-तृतीयांशाजवळ जाणारा हिस्सा निव्वळ बाष्पाचा असतो. आता नागपूरची मे महिन्यातील दुपार घ्यावी: तापमान ४४ अंश, आर्द्रता २० टक्के. तीच हवा तितकीच थंड करायला तेथे ३७ किलोज्यूलच्या आसपास पुरतात, कारण त्या हवेत वेगळे काढण्याजोगे बाष्प फारसे नसतेच. तापमापक १२ अंशांनी कमी दाखवत असतानाही रत्नागिरीत उभ्या असलेल्या विमानावर शीतयंत्राला नागपूरपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक कष्ट पडतात. म्हणून कोरड्या प्रदेशासाठी निवडलेले यंत्र किनाऱ्यावर आणून बसवले तर ते तोकडे पडणार, हे आधीच सांगता येते.

या बाष्पाचे पाणी प्रत्यक्ष किती होते, तेही पाहण्यासारखे आहे. सेकंदाला एक किलो हवा पुरवणारे यंत्र वरील परिस्थितीत तासाला ४५ ते ५० लिटर पाणी काढते. यंत्राच्या आत थंड नळ्यांची दोन-तीन टप्प्यांची मांडणी याचसाठी असते: पहिल्या टप्प्यात बहुतेक पाणी निथळून घ्यायचे आणि मगच हवा गोठणबिंदूच्या जवळ न्यायची, अन्यथा नळ्यांवर बर्फ धरून हवेची वाट बंद होते. पाणी निचरून गेले नाही तर ते पाइपात साचते, आणि पाइपाचा लोंबता भाग जड होऊन जोडणीवर ताण येतो. पावसाळ्यात उभ्या विमानात बसल्यावर डोक्यावरच्या फटींतून पांढरा धुरासारखा लोट उतरताना दिसतो आणि नवखे प्रवासी घाबरतात. तो धूर नसून, उघड्या दारातून शिरलेली दमट हवा थंड झोताला भिडल्यावर तयार झालेले साधे धुके असते.

रत्नागिरीच्या संदर्भात मात्र एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. येथील मिरजोळ्याच्या पठारावरील धावपट्टी भारतीय तटरक्षक दलाच्या हवाई तळाची आहे आणि तिच्या आधारे नागरी प्रवासी वाहतुकीसाठी टर्मिनल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. अशा धावपट्टीवर येणारी विमाने ए-३२० सारखी मोठी जेट नव्हेत, तर मुख्यतः एटीआर ७२ सारखी, ७०-७८ आसनांची, पंखे असलेली टर्बोप्रॉप विमाने असण्याची शक्यता अधिक. कोकणाला ही विमाने अपरिचित नाहीत: ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले तेव्हा मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर विमानच तेथे उतरले, आणि मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली गोव्याची फ्लाय ९१ ही कंपनीही एटीआर ७२-६०० विमानेच वापरते.

आणि एटीआर ७२ या विमानात एपीयू नसतो. वजन वाचवण्यासाठी त्याच्या रचनाकारांनी वेगळी युक्ती योजली. या विमानाच्या इंजिनात हवा दाबणारा व इंधन जाळणारा भाग आणि पंखा फिरवणारे टर्बाइन एकाच दांड्यावर नसतात. त्यांच्यामध्ये केवळ तप्त वायूच्या प्रवाहाचा दुवा असतो. त्यामुळे पंख्याला ब्रेक लावून तो जखडून ठेवता येतो आणि तरीही इंजिनाचा गाभा चालू राहतो. उजव्या इंजिनाला असा ब्रेक असतो. विमान थांबले की उजवा पंखा जागीच रोखला जातो, इंजिन मात्र घरघरत राहते आणि वीज व पॅकसाठी लागणारी हवा पुरवते. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. प्रवाशांचे दार डाव्या बाजूला मागे असल्याने चढउतार करता येतो, पण चालू इंजिनाची तप्त झोतहवा, तिचा गोंगाट आणि धूर उजव्या बाजूला काम करणाऱ्यांना सोसावा लागतो, शिवाय वारा मागून वाहत असेल तर या पद्धतीच्या वापरावर मर्यादा येतात. खाडीवरून आणि समुद्रावरून दिशा बदलत वाहणाऱ्या वाऱ्याच्या पठारावर ही मर्यादा कागदोपत्रीच राहील असे मानता येत नाही. शेपटीतले छोटे टर्बाइन चालवण्याऐवजी येथे उड्डाणाचे मुख्य इंजिनच एसीसाठी झिजवले जाते, आणि त्याच्या देखभालीचा खर्च चालण्याच्या तासांशी निगडित असतो. त्यामुळे जमिनीवरच्या विजेची व हवेची गरज मोठ्या जेटपेक्षा या लहान विमानाला कमी आहे, हा समज बरोबर नाही.

लहान विमानतळावर एरोब्रिज नसतो, म्हणून तेथे चाकांवरची यंत्रे लागतात. वीज देणाऱ्या गाडीला जीपीयू म्हणतात, थंड हवा देणाऱ्या गाडीला एसीयू. ट्रॅक्टरने ओढत आणून त्या विमानाशेजारी उभ्या केल्या जातात. पूर्वापार ही यंत्रे डिझेलवर चालत आली आहेत, आणि तीही गोंगाट व धूर करतातच, तरीही विमानाच्या टर्बाइनपेक्षा त्यांना कितीतरी कमी इंधन लागते. अलीकडे बॅटरीवर चालणारे जीपीयूही उपलब्ध झाले आहेत. एटीआरला विमानातील सर्व गरजांसाठी ४०० हर्ट्झचाच पुरवठा लागतो असे नाही, २८ व्होल्टची एकदिश वीजही त्याला बाहेरून देता येते, आणि ती देणारी बॅटरीची गाडी तुलनेने लहान असते.

थंड प्रदेशांत हीच यंत्रणा उलट दिशेने चालवावी लागते. सुमारे ३,२५६ मीटर उंचीवरील लेहच्या विमानतळावर हिवाळ्यात उभ्या विमानाच्या पाण्याच्या टाक्या व नळ गोठू शकतात, आतली उपकरणे किमान तापमानाच्या खाली जातात, म्हणून जमिनीवरून उबदार हवा द्यावी लागते. पीसीए यंत्रात त्यासाठी विजेची तापके असतात किंवा शीतचक्रच उलटे फिरवले जाते. कोकणात त्याची गरज नाही.

जगभरात या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन इंधनबचतीपुरता राहिलेला नाही. झुरिच विमानतळाने स्थिर पुरवठ्याची सोय करून एपीयूच्या वापरावर निर्बंध घातले. कोपनहेगनमध्ये एप्रनवर काम करणाऱ्यांच्या श्वासावाटे जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची मोजमापे झाली आणि एपीयू किती मिनिटे चालवावा यावर काटेकोर मर्यादा आली. ही दुसरी बाजू भारतात फारशी बोलली जात नाही, हे खेदाचे आहे, कारण प्रवासी त्या हवेत काही मिनिटे असतो आणि सामान चढवणारा कामगार पाळीचे आठ तास. अर्थात एपीयू किंवा इंजिन पूर्णपणे टाळता येत नाही. इंजिन सुरू करायला उच्च दाबाची हवा लागते आणि पीसीएची हवा कमी दाबाची असते, त्यामुळे निघण्याच्या काही मिनिटे आधी जेट विमानाला एपीयू सुरू करावाच लागतो. बोइंग ७८७ मध्ये ही रचनाच बदलली आहे. त्यात केबिनची हवा विजेवर चालणारे कॉम्प्रेसर पुरवतात, आणि त्यामुळे ते विमान जमिनीवर विजेचे मोठे गिऱ्हाईक ठरते.

मिरजोळ्याच्या पठारावर अशी सोय करायची तर तिच्यासमोर येथील भूगोलाच्या तीन अटी आहेत. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एप्रनखालच्या खड्ड्यातून वर उघडणारी केबलची पेटी इतर ठिकाणी सोयीची असली तरी येथे ती पाण्याने भरण्याचा धोका आहे, म्हणून जोडण्या जमिनीवर उंचावलेल्या असणे इष्ट. दुसरी अट खाऱ्या हवेची: शीतयंत्राच्या बाहेरच्या जाळीतील ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या समुद्राजवळ लवकर खाल्ल्या जातात, त्यांना संरक्षक लेप हवा आणि गोड्या पाण्याने नियमित धुणे हवे. तिसरी अट जांभ्याची. पठाराचा हा तांबडा दगड चिऱ्यांसाठी कापायला सोपा असला तरी वर काँक्रीटचा जाड थर घातल्यानंतर त्यातून केबलचा चर काढणे म्हणजे एप्रनच फोडणे होय, आणि चालू विमानतळावर ते काम जवळजवळ अशक्य असते.

विजेची उणीव या जिल्ह्याला नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यातील पोफळीकडे उतरून वीज देते, जयगडला १,२०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे आणि दाभोळला वायूवर चालणारा प्रकल्प आहे. दिवसाला दोन-तीन उड्डाणांसाठी मोठी स्थिर यंत्रणा उभारणे परवडणारे नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु विमान उभे राहण्याच्या प्रत्येक जागेपर्यंत रिकामी नळी आणि पाणी निचरण्याची वाट काँक्रीट ओतण्यापूर्वीच टाकून ठेवणे, टर्मिनलच्या कडेला बॅटरीच्या गाड्या भारित करण्याची जागा राखणे, आणि ओढून नेता येणारा एक विजेवरचा एसीयू कोकणच्या आर्द्रतेच्या हिशेबाने, म्हणजे कोरड्या गावांच्या मानापेक्षा मोठ्या क्षमतेचा, खरेदी करणे, एवढे तर पहिल्याच आराखड्यात बसते. त्यापैकी नळी टाकण्याचे काम पुढे ढकलता येत नाही; बाकीची यंत्रे उड्डाणे वाढतील तशी आणता येतात.